कॉलेज स्टार्टअपला खरंच सपोर्ट करतं का, ओळखायचं कसं?

प्रश्न: दोन कॉलेजमध्ये अडकलोय. एकाचं इन्क्युबेशन सेंटर (स्टार्टअपला जागा आणि मदत देणारं केंद्र) चकाचक, बीन बॅग वगैरे, दर महिन्याला कुणाचं तरी भाषण. दुसरं साधंच, पण सीनियर म्हणतात इथे काम करू देतात. मला माझं ॲप पुढे न्यायचंय. कुठलं घेऊ?

उत्तर: बीन बॅगवर बसून कुणाचा धंदा उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही, ते बाजूला ठेव आणि दोन्हीकडे आधी नियम माग. ॲप कुणाच्या मालकीचं हे पहिलं विचार, कारण कॉलेजची लॅब, सर्व्हर किंवा सरांच्या प्रोजेक्टचे पैसे वापरले की बऱ्याच ठिकाणी कॉलेज हक्क सांगतं. आता गूगलच बघ ना, ते काढणारे पेज आणि ब्रिन अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते तेव्हा गूगल स्टॅनफर्डच्याच नेटवर्कवर चालायचं, पेजरँकचं (सर्चमध्ये कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवायच्या पद्धतीचं) पेटंटही स्टॅनफर्डच्या नावावर होतं, मग स्टॅनफर्डने गूगलला ते वापरायचं लायसन्स दिलं आणि बदल्यात शेअर घेतले, जे विकून युनिव्हर्सिटीला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. उलट कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीचं धोरण असं की ज्याने बनवलं त्याचंच. माझ्या मते दोन्ही चालेल, फक्त आधीच लिहून दिलेलं हवं, "ते बघू नंतर" म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा.

मग वेळेचं. परीक्षा आणि पहिल्या कस्टमरची मीटिंग एकाच दिवशी आली तर काय, हजेरीत सूट मिळते का, वर्षभर गॅप घेतला तर परत आल्यावर सीट राहते का? वॉटर्लूत इंटर्नशिपच्या टर्ममध्ये दुसऱ्याच्या कंपनीत न जाता स्वतःच्याच धंद्यावर काम करता येतं आणि ते अभ्यासक्रमात धरलं जातं. अशी सोय असेल तर भाषणं नसली तरी चालतील (तशीही ती ऑनलाइन ढिगाने आहेत).

मेंटर कोण आहेत तेही बघ, पण त्यांनी स्वतः काही विकलंय का एवढंच.

आणि एक, ज्याचं स्टार्टअप बंद पडलं असा सीनियर दोन्हीकडे शोध, ब्रोशरवरचा हसरा फोटोवाला नको. बंद पडल्यावर त्याला प्लेसमेंटला बसू दिलं का, सर नीट बोलले का, बॅकलॉग कसे काढले, हे त्याच्याकडूनच कळेल. त्या साध्या कॉलेजवाल्यांनाही खोदून विचार, "काम करू देतात" म्हणजे नक्की काय, रात्री लॅब उघडी ठेवतात की नुसतंच कुणी अडवत नाही?