विंडोज १० चे अपडेट बंद झाले. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर नवशिक्याने कोणतं लिनक्स टाकावं?

लॅपटॉप असा: पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, मूळची हार्ड डिस्क. काम म्हणजे ब्राउझर, मराठी टायपिंग, प्रिंटिंग. एवढ्यासाठी फार शोधाशोध नको. लिनक्स मिंट घ्या, २२ मालिकेतलं, एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती. अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत मिळतील. मिंटचीच सिनॅमन आवृत्ती दिसायला देखणी, पण ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडलेत की ४ जीबीत धापा टाकते. उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉपही इथे जडच. काली लिनक्स सुचवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ते सिक्युरिटी टेस्टिंगचं हत्यार आहे, रोजच्या वापराचं नाही.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या विंडोजच्या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) लिहा (आधीचं सगळं पुसलं जाईल). चालू करताना डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. लाइव्हमध्येच, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटमध्ये, वायफाय, आवाज, ब्राइटनेस, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे बघा. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असेल. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. प्रिंटरही आत्ताच जोडून पाहा. एचपीचे बहुतेक निमूट चालतात; कॅननचा एलबीपी २९०० मात्र घाम काढतो, कारण त्याची कॅप्ट भाषा लिनक्सचे नेहमीचे ड्रायव्हर बोलत नाहीत.

सगळं जमलं की मग खर्च. लॅपटॉप रखडतो तो मुख्यतः हार्ड डिस्कमुळे, नुसतं लिनक्स टाकून ते जाणार नाही. मुंबईत गिरगावात राहत असाल तर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार हाकेवर, २.५ इंची, २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणा, मिंट तिच्यावर टाका. जुनी डिस्क काढण्याआधी विंडोज शिफ्ट दाबून शट डाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि नंतर ती डिस्क यूएसबी केसिंगमधून जोडली की मिंटमध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला की झालं. रोमनमधून लिहायची सवय असेल तर आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाका. श्रीलिपीवर पोट असेल तर मात्र ते विंडोजचंच सॉफ्टवेअर. तेवढ्यासाठी जुनी डिस्क फॉरमॅट न करता जपून ठेवा.