लंडनला जाऊन रेस लावायची?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत लंडनला नणंदेकडे जातोय, मुलांना तिथल्या एफ वन आर्केडमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वन गाड्यांच्या रेसचा गेम खेळायच्या ठिकाणी, सगळ्यांनी मिळून खेळायचंय. मला गाडी नीट येत नाही, शिवाय घाट लागतो, मळमळतं. मी बाहेर पर्सा सांभाळत बसू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो पर्सा कसल्या सांभाळताय, बसा की! सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या समोरच वन न्यू चेंज नावाच्या मॉलमध्ये ते २०२२ ला सुरू झालं, तब्बल ६० सिम्युलेटर (स्क्रीनसमोर बसून चालवायच्या खोट्या गाड्या) आहेत त्यामुळे अख्खं घर एकाच रेसमध्ये उतरू शकतं, आणि लेव्हल निवडता येते म्हणजे नवख्यांना ब्रेकबिक मारायला मदत मिळते. गाडी येणारेच जास्त आपटतात असं माझं मत, कारण वळणावर पोचेपर्यंत ॲक्सिलरेटर सोडतच नाहीत. तुम्ही वळणाआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक मारा, हळू आत शिरा आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मग दाबा, नणंदबाई मागे पडल्याच समजा.

मळमळीचं म्हणाल तर डोळ्यांना वेग दिसतो पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला तेवढा जाणवत नाही, त्यातून ती होते. इथे सीट हलते म्हणून थोडा फरक पडतो, पण घाट लागणाऱ्यांनी भरपेट जेवून अजिबात बसू नये, नजर लांब रस्त्यावर ठेवायची आणि गरगरलं की सरळ थांबायचं.

आत बार पण आहे, तेव्हा मुलांच्या वयाचे आणि उंचीचे नियम बुकिंगआधी वाचून घ्या. आणि हो, त्याच मॉलची गच्ची फुकट आहे, कॅथेड्रलच्या घुमटाचे फोटो मस्त येतात.