गोल्फ चेंडूंचा पिरॅमिड ढासळू नये म्हणून काय करावं?

गुहागरच्या होमस्टेमागे छोटी सरावपट्टी केलीय, ९१ चेंडू आहेत, पण रास सारखी पसरते, असं तुम्ही विचारलंय. ९१ म्हणजे झकास आकडा! ३६, २५, १६, ९, ४, १ असे सहा चौकोनी थर बरोबर बसतात. (ही बेरीज काढायचं सूत्र आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारासच देऊन ठेवलंय.)

दोष चेंडूंचा नाही, तळाचा आहे. वरचा प्रत्येक चेंडू खालच्या चौघांना बाजूला ढकलत असतो. मधल्यांना शेजारी अडवतात, कडेच्यांना कोणीच नाही. म्हणून फळीवर चार लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिमी असतो, त्यामुळे आतली बाजू २५.६ सेंमी आणि पट्टीची उंची साधारण दोन सेंमी. सुताराला सांगण्याआधी सहा चेंडू ओळीत ठेवून मापून घ्याच, कारण सरावाचे चेंडू थोडे कमीजास्त निघतात. चौकट सैल राहिली तर केलं न केलं सारखंच. लोखंडी मात्र नको, खाऱ्या हवेत गंजेल.

जांभ्याच्या अंगणात फळी समतल आहे ना, तेही बघा. लाल माती लागलेले चेंडू आधी धुऊन, पुसून घ्या.

मोठ्या रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावमैदानावर, उलट्या पिरॅमिडचा साचा असतो: भरायचा, वर फळी ठेवायची, पालथा करून उचलायचा. ९१ चेंडूंना हातच पुरे. मारताना चेंडू वरूनच उचला, पोरांनाही तसंच बजावा.