नाशिकच्या कॉलेजात मटेरियल केमिस्ट्रीची पीएचडी करावी, की पुणे-मुंबई गाठावी? किती वर्षं लागतात?

वर्षांचं आधी उरकते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. मुलींना वर दोन वर्षांची सवलत. कोर्सवर्क, दर सहामाहीला आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समितीपुढे) हजेरी, हे सगळीकडे सारखंच.

आता नाशिक की पुणे. माझा एमएस्सीचा वर्गमित्र पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये गेला, मी इथेच गंगापूर रोडला राहिले. 'नाशिकला डिग्री मिळते गं, रिसर्च होत नाही,' हे त्याचं ठरलेलं पालुपद. त्याच्या लग्नातसुद्धा ऐकवलं त्याने.

माझं काम गॅस सेन्सरसाठी झिंक ऑक्साइडच्या थिक फिल्मचं. झिंक नायट्रेटमध्ये कॉस्टिक सोडा घालून साका पाडायचा, धुवायचा, मफल भट्टीत भाजायचा. एक्सआरडीसाठी (एक्स-रे टाकून पावडरीत कुठले स्फटिक आहेत ते बघायची चाचणी) पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत सॅम्पलची बाटली सरकवायची आणि मेलची वाट बघत बसायचं. एकदा ग्राफ आला त्यात ३१.७, ३४.४, ३६.२ अंशांवरचे झिंक ऑक्साइडचे तिन्ही पीक (ग्राफवरचे सुळके) जागच्या जागी, पण २९.४ला एक आगंतुक. वर्गमित्राला पाठवलं. 'नवीन फेज असणार, एक्सपीएस करून घे.' म्हणजे वेगळ्या रचनेचा स्फटिक तयार झाला असणार, आणि त्यासाठी आणखी एक महागडी चाचणी: पुन्हा नंबर लावा, पुन्हा पैसे भरा. आमच्या लॅबमधल्या सीनियरचं म्हणणं वेगळं: सोडियम नायट्रेट राहिलंय, नीट धुतलं नाहीस. तेही शक्य होतं. पण कॅल्साइट (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) आणि सोडियम नायट्रेट यांची स्फटिकरचना एकाच साच्यातली, त्यामुळे दोघांचाही मोठा पीक तिथेच येतो.

वॉच ग्लासवर चिमूटभर पावडर घेतली आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. झिंक ऑक्साइड एरवी गुपचूप विरघळतं. इथे बारीक बुडबुडे फसफसून कडेपर्यंत आले. कार्बोनेट! म्हणजे कॅल्साइटच. मग लॅबभर शोध. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये कुणीतरी बोअरचं पाणी भरून ठेवलं होतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो ना, तोच माझ्या साक्यात उतरला होता. खऱ्या डिस्टिल्ड पाण्याने नवीन बॅच केली, २९.४ सपाट.

वर्गमित्र म्हणाला, 'नशीब लागलं तुझं.' नशीब कसलं? मशीन जिन्याखालीच असलेले कितीतरी लोक सॅम्पल देतात, फाइल घेतात, ओरिजिन सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ रंगवतात, शेररच्या सूत्राने स्फटिककणांचा साइज काढतात आणि मोकळे होतात. जास्तीचा पीक दिसलाच, तर त्याला डोपिंगचा (मुद्दाम मिसळलेल्या दुसऱ्या मूलद्रव्याचा) परिणाम म्हणून पेपरात खपवतात. मला तर वाटतं, सॅम्पल पाठवायला त्रास होतो म्हणूनच आम्ही पाठवण्याआधी दहादा विचार करतो.

अर्थात बॅटरीत काम करायचं असेल, ग्लोव्ह बॉक्स (हवा-दमट न लागता काम करायची बंद पेटी) रोज हाताशी हवा असेल, तर सरळ पुणे-मुंबई बघा, इथे अडून बसू नका. फेलोशिपचंही आधी पक्कं करा. घरून पैसे मागत पीएचडी करणं फार जड जातं, मग गाव कुठलंही असो. आणि गाईडकडे जागा रिकामी आहे का, हे वेबसाइटवरून ठरवू नका. जाऊन भेटा, जमलं तर त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाहेर चहाला न्या.