चिखलदऱ्याच्या वाटेवरचं ते पांढरं झाड

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना डोंगरउतारावर बिनपानाचं पांढरंफटक झाड दिसलं, मोबाइलवर टिपलं तर नुसता चकाकता डाग आला, असं तुम्ही लिहिलंय. झाड कोणतं आणि फोटो कसा घ्यायचा, हे विचारलंय.

ते कांडोळ. कुणी कुलू म्हणतं, कुणी भुत्या. पौर्णिमेच्या रात्री एकदा लांबून पाहा, भुत्या का म्हणतात ते कळेल. मी मेळघाटच्या पायथ्याशी राहतो, आणि आमच्या शिवारामागच्या टेकडीवरच्या एकाच कांडोळाचे सहा वर्षं फोटो काढतोय. तिथे गुरं चारणारे एक बाबा मला म्हणाले होते, "हे खडकावरच लागते भाऊ, काया मातीत नाही." खरंच आहे. आपले हे डोंगर म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आणि त्या काळ्या दगडाच्या भेगेत मुळं घालून हे झाड उभं राहतं.

तुमचा फोटो बिघडला तो याच काळ्यामुळे. कॅमेरा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. डोंगर काळा दिसला की तो उजेड वाढवतो आणि खोडाचा तपशील पार उडतो. मोबाइलवर खोडावर बोट टेका आणि सालीच्या रेघा दिसू लागेपर्यंत उजेड खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्यावर. मात्र जवळ जाऊन खोडानेच चौकट भरली, तर उलट थोडं वाढवा, नाहीतर पांढरं खोड राखाडी येतं.

पण जवळून पाहाच. कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले असतात, त्यांच्या कडा उन्हात पारदर्शक होतात, खाली कुठे हिरवट, कुठे गुलाबी झाक. बाजूने येणारं सकाळचं ऊन यासाठी सगळ्यात चांगलं. भर दुपारी कॅमेरा काढूच नका. पापुद्रे ओढू नका, ही कळकळीची विनंती. डिंकासाठी खोल घाव घालून आधीच कितीतरी कांडोळ वाळलेत. आमच्या झाडावरही वीतभर जुना घाव आहे, त्याच्या कडेला डिंकाचे मधाळ खडे साचतात. एप्रिल-मेमधली लाल फळं सुंदर दिसतात, पण हात लावू नका. त्यांची कुसं बोटांत रुततात. मला दोन दिवस सलत होती.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गाडीतून उतरता येत नाही, तिथे इंजिन बंद करायला सांगा, म्हणजे हात हलणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये या, तेव्हा झाड पूर्ण उघडं असतं. आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर लगेच निघू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मागचा डोंगर निळा पडतो, खोड मात्र उजळच राहतं.