‘बुलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात भाषांतराचं काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय: ब्रिटनचे तेव्हाचे उपपंतप्रधान डॉमिनिक राब यांच्यावर हाताखालच्या अधिकाऱ्यांनी ‘बुलिंग’चे आरोप केले होते. मराठीत काय लिहू? गुंडगिरी, दादागिरी, छळ, की सरळ बुलिंग?

ताई, गुंडगिरी मुळीच नको. त्यात मारझोड आलीच, आणि कुणी केलेलाच नाही असा आरोप आपण त्या माणसावर लादतो. दादागिरीही मला पटत नाही. दादा चौकात स्वतःच्या जोरावर दादा होतो. इथे समोरच्याचं तोंड बंद होतं ते मंत्रिपदामुळे. ‘छळ’ चालला असता, पण कार्यालयाच्या संदर्भात नुसतं छळ म्हटलं की २०१३च्या कायद्यामुळे आधी लैंगिक छळच डोळ्यांपुढे येतो.

त्यापेक्षा चौकशीत काय निघालं ते बघा. ॲडम टॉली या ज्येष्ठ वकिलांना काही तक्रारींत तथ्य आढळलं, सगळ्यांत नाही. परराष्ट्र खात्यातल्या एका बैठकीत राब यांचं वागणं अवाजवी आणि सतत आक्रमक, म्हणजे धाक बसेल असं होतं. न्याय खात्यात कामातल्या उणिवा दाखवताना ते गरजेपेक्षा पुढे गेले, अपमान होईल असंही बोलले. राब यांनी २१ एप्रिल २०२३ रोजी राजीनामा दिला. बुलिंग ठरवायची पातळी फारच खाली आणली, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे धाक आणि अपमान. पहिल्याला आपल्याकडे ‘धाकदपटशा’ आहे, दुसऱ्याला ‘पाणउतारा’. धाकदपटशाला आरडाओरडा लागत नाही. बोलणाऱ्याला गप्प करायला थेट त्याच्या तोंडासमोर हात धरायचा, असंही एक वागणं तक्रारींत होतं. ते या शब्दात नेमकं बसतं.

आणखी एक शब्द मला फार मोलाचा वाटतो: जाच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, तारांकित प्रश्नांच्या उत्तरांसाठी कर्मचारी रात्री उशिरापर्यंत बसतात. ‘साहेबांनी झापलं’ ही त्या दिवसापुरती गोष्ट. चूक झाली असेल तर झापणं रास्तही असतं. पण ‘साहेबांचा जाच आहे’ म्हटलं की हे रोजचं आहे, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सासरच्या जाचासारखाच तो, घर सोडता येत नाही आणि उलट बोलता येत नाही. तक्रारदार अनेक आणि काळ महिन्यांचा असेल, तर बेलाशक जाच लिहा.

नुसतं ‘बुलिंग’ लिहून भागणार नाही. रॅगिंग रुळलं, त्याला १९९९चा राज्याचा कायदाही आहे. कार्यालयातल्या बुलिंगवर आपल्याकडे वेगळा कायदा नाही, त्यामुळे वाचकापाशी त्याची ठरलेली व्याख्या नाही. मी असं लिहीन: ‘हाताखालच्या अधिकाऱ्यांना धाकदपटशा दाखवल्याचा, त्यांचा पाणउतारा केल्याचा आरोप’. चौकशीनंतरच्या बातमीत ‘आरोप’ शब्द काढायचा तो फक्त टिकलेल्या तक्रारींपुरता. बाकीच्यांपुढे तो तसाच राहू द्या.