पिस्टनचे पैसे वाचवा, पण मोजून

प्रश्न: मालवाहू गाडीचं इंजिन खोललंय. मिस्त्री म्हणतात, जुने पिस्टन धुऊन टाकू, रिंगा तेवढ्या नव्या घेऊ; एकूण खर्चाचा आठवा हिस्सा वाचेल. नवे घ्यायचे तर क्रेडिट कार्डावर हप्ते पडतील. काय करू?

उत्तर: आधी मिस्त्रींना विचारा, रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं) करावं लागणार आहे का? बोअर मोठा केला की ओव्हरसाईझ पिस्टनच लागतात. जुने कितीही चकचकीत केले तरी भंगारात. नुसत्या होनिंगवर (सिलिंडर आतून हलकेच घासण्यावर) भागणार असेल, तरच पुढचं वाचा.

काम फसलं तर मजुरी, गॅस्केट, रिंगा, ऑइल आणि तेव्हा घ्यावे लागणारे पिस्टन धरून आजच्या निम्मा खर्च तरी पुन्हा होईल. म्हणजे आठवा हिस्सा वाचवायला अर्धा पणाला. चारात एकदा जरी फसण्याची शक्यता असेल तरी बचत शून्य, आणि गाडी उभी राहून बुडणारं भाडं यात धरलेलंच नाही.

सुदैवाने ही शक्यता अंदाजाने ठरवावी लागत नाही. सगळ्यात जास्त झिजते ती वरच्या रिंगची खाच. तिच्यात नवी रिंग धरून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा. या फटीची कंपनीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बऱ्याच इंजिनांत ०.१ ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते. स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) मायक्रोमीटरने, पिनेच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या दांड्याच्या) काटकोनात मोजायचा. पिनेच्या भोकाजवळ तडा दिसला तर विषय संपला. रीडिंग कागदावर लिहून मागा. या मोजणीची मजुरी देताना घासाघीस करू नका, अख्ख्या बिलात पैसा वसूल होतो तो इथेच.

धुण्याचंही आधी बोलून घ्या. कार्बन सॉल्व्हंटमध्ये भिजवून सोडवायचा. खाचेत तारेचा ब्रश फिरवला तर कडा खरवडल्या जातात आणि कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो. (काही ठिकाणी सर्रास वापरतात!)

सगळे मापात असतील तर खुशाल वापरा, फक्त ज्याचा तो पिस्टन त्याच्याच सिलिंडरमध्ये जाऊ द्या. वाचलेले पैसे दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाका, घरखर्चात मिसळू नका. मापात नसतील तर नवे घ्या, पण कार्डावर नको. ते व्याज फार महाग पडतं. आपत्कालीन निधी असेल तर मोडा, कमावती गाडी बंद पडणं हीच त्याची वेळ. नसेल तर वर्कशॉपकडे दोन टप्प्यांत बिनव्याजी पैसे देण्याची मुभा मागा.